रेघ कोणाची, हात कोणाचा

(दारव्हा इथं तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, मधली चहापाण्याची गडबड तेवढी काढली आहे.)

विषय ऐकून तुमच्यातले निम्मे उठून जातील असं मला वाटलं होतं. चित्रकला! आणि तीही साधी नाही, संकल्पनेची चित्रकला. शिष्यवृत्ती अडकलीय, वसतिगृहात पाणी नाही, आणि हा बाप्पा आपल्याला कोळशाच्या रेघोट्या शिकवायला आला. तर आधीच सांगतो, मी कौतुकाचं भाषण करायला उभा नाही. चित्राचं रसग्रहण करायला शहरात माणसं बसलेली आहेत, चष्मे लावून. मला बोलायचंय ते रेघेबद्दल. रेघ कोण ओढतो, कोणाच्या अंगणातून ओढतो, आणि ती पुसायची वेळ आली की फडकं कोणाच्या हातात देतो, एवढंच.

शाळेत ड्रॉइंगचा तास आपल्या सगळ्यांना होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी ग्रेड परीक्षांना काहीजण बसले, काहींकडे रंगपेटीचे पैसे नव्हते म्हणून बसले नाहीत. त्या परीक्षांचे पेपर आठवा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. वस्तुचित्रात काय असायचं? एक तांब्या, एक फळ, मागं एक घडी पाडलेलं कापड. स्मरणचित्रात जत्रा, बाजार, पावसाळ्यातला रस्ता. बाजारात बसलेली म्हातारी काढा, पण ती गावाच्या कोणत्या टोकाकडून चालत आली ते काढू नका. छाया कुठं पडते ते गुरुजी शिकवायचे. कोणाची सावली कोणावर पडू नये म्हणून या महाराष्ट्रात माणसं मारली-झोडली गेली, ते मात्र छायाप्रकाशाच्या धड्यात नव्हतं. म्हणजे आपल्याला रेघ शिकवली ती अशी, साफसूफ, खोडरबर हाताशी ठेवून.

आता संकल्पनात्मक कला म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढं लागणार आहे. अमेरिकेत सोल लेविट नावाचा एक कलावंत होता. १९६७ साली त्यानं एक लेख लिहिला. त्याचं सार असं की चित्रात मुख्य चीज म्हणजे कल्पना. सगळे निर्णय आधी घेऊन टाका, मग प्रत्यक्ष काढणं हे नुसतं पार पाडायचं काम उरतं. १९६८ साली न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्यानं थेट भिंतीवर पेन्सिलीनं रेघा ओढल्या. ना कागद, ना कॅनव्हास, ना चौकट. प्रदर्शन संपलं, भिंतीवर रंग मारला, चित्र गेलं. ते पहिलं चित्र त्यानं स्वतःच्या हातानं काढलं. पुढं पुढं तो नुसत्या सूचना लिहून द्यायला लागला. अमुक लांबीच्या इतक्या रेघा, एकमेकींना न छेदणाऱ्या, भिंतभर. सूचना वाचून दुसरी माणसं शिडीवर चढायची आणि काढायची. लेविट २००७ साली वारला. त्याची भिंतचित्रं अजून निघताहेत. मेलेला माणूस रोज नवी भिंत रंगवतोय!

हे ऐकून आपल्यासारख्याच्या डोक्यात पहिली ठिणगी काय पडते? भेजा एकाचा, हात दुसऱ्याचे. ही तर आपल्याकडची दोन-अडीच हजार वर्षांची वहिवाट आहे! एकानं सांगायचं, दुसऱ्यानं करायचं, आणि करणाऱ्याचं नाव कुठंच नाही. देऊळ कोणी बांधलं तर राजानं. दगड कोणी फोडले ते विचारू नका. जात नुसतं काम वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय. तेव्हा 'कल्पना श्रेष्ठ, हात दुय्यम' असं कोणी म्हणालं की आपले कान टवकारलेच पाहिजेत. पण लेविटला शिव्या द्यायच्या आधी एक गोष्ट कबूल करा. त्याच्या भिंतचित्रांच्या नोंदीत ते पहिल्यांदा कोणी काढलं त्या माणसांची नावं लिहिलेली असतात. आपल्या देवळांवर एवढं तरी आहे का?

असो. लेविट आपला नाही. त्याच्या रेघा स्वच्छ आहेत, त्यांच्यामागं घाम दिसत नाही. मला ज्याच्याबद्दल बोलायचंय तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६, गाव सास्ती, तालुका राजुरा, जिल्हा चंद्रपूर. इथून वणीकडं निघालं आणि वर्धा नदी ओलांडली की पलीकडे तो मुलूख. काळ्या मातीखाली काळा कोळसा. घरातल्या तीन पिढ्या कोळसा खाणीशी बांधलेल्या. हा पोरगा खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात गेला, २००९ला पदवी घेतली, मग बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात २०११ला पदव्युत्तर. आणि शिकला काय? शिल्पकला. चित्रकला नव्हे. हे ध्यानात ठेवा. कारण शिल्पकार रेघ काढतो तेव्हा त्याला त्या रेघेमागं वजन दिसतं. सपाट भिंतीवर तो काढतो, पण भिंतीत हात घालून काहीतरी ओढून बाहेर काढल्यासारखं.

२०१२ साली मुंबईत, कुलाब्याला, रीगल सिनेमाच्या समोर क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह नावाची जागा होती, तिथं त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं. नाव 'कॅनरी इन अ कोलमाइन'. कॅनरी म्हणजे छोटा पिवळा पक्षी. विलायतेत खाणीत उतरताना मजूर हा पक्षी पिंजऱ्यात घालून बरोबर न्यायचे. विषारी वायू सुटला की माणसाच्या आधी पक्षी कोसळतो. पक्षी कोसळला की पळा. विलायतेतल्या शेवटच्या कॅनरी १९८६ साली खाणीतून निवृत्त केल्या, म्हणजे यंत्रं आली. ज्या साली हा पोरगा सास्तीत जन्मला त्याच साली. योगायोग आहे, त्यातून मी काही काढणार नाही. पण दोस्तहो, आधी मरून दाखवायचं काम कोणाकडं द्यायचं याची सोय प्रत्येक समाजानं करून ठेवलेली असते. तिकडं पक्षी होता. आपल्याकडं गटारात कोण उतरतं ते तुम्हाला माहीत आहे.

या प्रदर्शनात त्यानं कोळशानं थेट भिंतींवर चित्रं काढली. आता इथं जरा थांबू, कारण सगळी गंमत सामानात आहे. भाषेत आपण कोळसा एकच शब्द वापरतो. पण कोळसे दोन. एक दगडी कोळसा, जमिनीतून निघतो, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगल दाबून झालेला. दुसरा लाकडी, ज्याला जुनी माणसं लोणारी कोळसा म्हणतात. हवा कोंडून लाकूड भाजलं की तो होतो. चित्रं दुसऱ्यानं निघतात. दगडी कोळसा भिंतीवर घासून बघा. खरवडतो, तुकडे पडतात, रेघ धड उठत नाही. लाकडी कोळसा मऊ. बोटानं पसरतो, फडक्यानं पुसला जातो, फुंकर मारली तरी उडतो. म्हणजे खाणीवर चित्र काढणारा माणूस खाणीतलं काळं वापरूच शकत नाही, त्याला चुलीतलं काळं लागतं. आणि हा लोणारी शब्द कुठून आला? ज्या समाजाचा पिढीजात धंदा चुना आणि कोळसा भाजण्याचा, त्यांच्यावरून. आता बघा, भिंतीचा पांढरा चुना आणि भिंतीवरची काळी रेघ, दोन्ही एकाच भट्टीवाल्याच्या हातची. कलेच्या कोणत्याही पुस्तकात त्या भट्टीवाल्याला जागा नाही. पेन्सिल कोणत्या कंपनीची, कागद कोणत्या देशाचा हे लिहितील. कोळसा कोणी भाजला, हे कोणी लिहीत नाही.

पाचपुतेच्या भिंतीवर काय असतं? माणसं असतात, मोठी, भिंतीच्या उंचीची. पण डोक्याच्या जागी डोकं नसतं. कुठं दिवा असतो, कुठं अवजार, कुठं घर, कुठं अख्खा जमिनीचा तुकडाच धडावर चढलेला. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, वा, काय कल्पनाशक्ती! परदेशी समीक्षक लगेच अतिवास्तववाद वगैरे शब्द काढतात. मला विचाराल तर यात अतिवास्तव काहीच नाही. खाणीत उतरणाऱ्याच्या टोपीवर दिवा असतो. खाली मिट्ट अंधार. समोरच्याला माणसाचा चेहरा दिसत नाही, दिवाच दिसतो. डोक्याच्या जागी दिवा हे कवीचं स्वप्न नाही, पाळीवरच्या माणसाचं रोजचं दिसणं आहे. आणि कंपनीच्या रजिस्टरात तरी डोकं कुठं असतं? हजेरी असते, नंबर असतो, काढलेल्या मालाचं वजन असतं.

त्याची काढायची रीत बघा. आधी भिंत काळी करतो, मग पुसत पुसत उजेड काढतो, मग परत काळं चढवतो. हात, मनगट, कोपर, सगळं काळं. कोळशाची धूळ नाकात. म्हणजे काढणं आणि खणणं यात फरक उरत नाही. उघड्या खाणीत गेलात कधी? वणीकडच्या पोरांना सांगायला नको. सुरुंग लावून वरची माती उडवतात, फावड्याच्या यंत्रांनी उचलतात, डंपरमध्ये घालून बाजूला डोंगर रचतात. खड्डा पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जातो. लांबून बघितलं तर त्या पायऱ्या म्हणजे रेघाच, जमिनीच्या अंगावर आडव्या ओढलेल्या. आणि वर काढलेल्या त्या मातीला, मुरुमाला, सगळ्याला खाणीच्या भाषेत काय म्हणतात माहीत आहे? ओव्हरबर्डन. वरचं ओझं. ज्या काळ्या मातीत आपला बाप कापूस पेरतो, तिचं नाव ओझं! मला वाटतं हा एक शब्द कळला तर पाचपुतेची निम्मी चित्रं कळली.

तो या चित्रांची चलच्चित्रंही करतो. म्हणजे एक चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसायचं, थोडं बदलायचं, परत फोटो. असे शेकडो. मग ते पळवले की माणूस चालतो, जमीन उघडते. ही युक्ती दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिजनं १९८९पासून जगभर गाजवली. तोही कोळशानंच काढतो, आणि तोही खाणीवरच. जोहान्सबर्ग हे शहरच सोन्याच्या खाणीवर उभं. त्याची १९९१ सालची 'माइन' नावाची फिल्म आहे. त्यात खाणमालक सकाळी अंथरुणात बसून कॉफी करतो. कॉफीच्या भांड्याचा दट्ट्या दाबतो. दट्ट्या भांड्याच्या तळातून पलंगात, पलंगातून जमिनीत, खाली खाली जातो, थेट काळ्या मजुरांच्या खोल्यांपर्यंत, खाणीपर्यंत. एका गोऱ्या माणसाच्या सकाळच्या कॉफीची खोली किती, हे एका हालचालीत दाखवलंय. सहा मिनिटांच्या आतली फिल्म आहे, मोबाइलवर सापडली तर बघा. केंट्रिजच्या कागदावर पुसलेल्याचे डाग राहतात. आधीच्या हाताची, पायाची सावली नव्या चित्रात तशीच. तो ती लपवत नाही. फरक एवढाच की केंट्रिज मालकाच्या पलंगावरून खाली बघतो, आणि त्याला त्याची लाज आहे. पाचपुते खालून वर बघतो.

आता पुसण्याचा मुद्दा. भिंतीवरचं चित्र प्रदर्शन संपलं की जातं. चुना मारतात. महिना-महिना राबून काढलेलं, दोन हात चुन्यात खलास. मुंबईतली माणसं हळहळतात. अरेरे, जपून ठेवायला हवं होतं. दोस्तहो, भिंत पुसली तर हळहळ, आणि गाव पुसलं तर? वर्धा खोऱ्यात कोळशानं गिळलेल्या शिवारांची, उठवलेल्या वस्त्यांची हळहळ कोणत्या गॅलरीत होते? वरोऱ्याला १८७०च्या दशकात सरकारी खाण सुरू झाली तेव्हापासून हा खेळ चालू आहे. १९७३ साली बिनकोकिंग कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स उभी राहिली, मुख्यालय नागपूर. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा वणी पट्टा तिच्यातच. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. कोळसा इथला, राख इथली, उजेड कुठं जातो ते रात्री मुंबईत उतरून बघा.

आणि जमीन घेतात कशी? रेघ ओढून. १९५७चा कायदा आहे, कोळसा असलेली जमीन संपादन करायचा. त्यात कलम ४ची अधिसूचना म्हणजे आम्ही इथं शोध घेणार. कलम ७ म्हणजे आता आम्ही घेणार आहोत. कलम ९ म्हणजे घेतली. प्रत्येक पायरीला एक नकाशा, नकाशावर एक हद्द. ती हद्द कोणीतरी कचेरीत बसून ओढलेली असते. लेविटच्या सूचनेसारखीच, अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत. ओढणाऱ्याचा हात काळा होत नाही. मला सांगा, या देशातला सगळ्यात मोठा संकल्पनात्मक कलावंत कोण? सरकार! कागदावर कल्पना करतं, अंमल दुसऱ्याच्या अंगावर.

पण खरी मेख पुढंच आहे आणि ती मला आज बोलायलाच हवी. हद्दीच्या आत ज्याची जमीन गेली त्याला मोबदला. किती एकरांमागं एक नोकरी, यावर भांडणं, मोर्चे, कोर्ट. ठीक. ते भांडण न्याय्य आहे. पण मोबदला कशावर मिळतो? सातबाऱ्यावर. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, जो त्याच शिवारात पिढ्यान्‌पिढ्या निंदायला, वेचायला, काढायला जात होता, त्याचं काय? ती बाई काय दाखवणार? तिच्याकडे फक्त हाताचे घट्टे. शिवार गेलं तर तिचंही काम गेलं, पण कागदावर तिचं काहीच गेलं नाही. कारण कागदावर ती कधी नव्हतीच. आणि त्या बायकांत, त्या गड्यांत आपल्या वस्तीतले किती, पारध्यांचे किती, कोलाम-गोंड किती, हे मी दारव्ह्यात उभं राहून सांगायची गरज नाही.

म्हणून पाचपुतेच्या त्या डोकं नसलेल्या माणसासमोर उभा राहिलो की मी त्याला एकच सवाल करतो. गड्या, तुझ्या नावावर सातबारा होता का? तू जमीन देऊन खाणीत लागलेला शेतकरी आहेस, की ठेकेदाराच्या हजेरीवरचा? की शेतातली मजुरी गेली म्हणून पुण्या-मुंबईला पळालेला? चित्र उत्तर देत नाही. त्याच्या चित्रात शेतकरी आणि खाणकामगार एका देहात मिसळून जातात. ते सुंदर आहे, जोरदार आहे. पण मिसळताना वस्तीची रेघही पुसली जाते. गावात दोन पाणवठे होते, हे त्या काळ्या धुरळ्यात दिसत नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही, त्या माणसानं त्याचं काम चोख केलंय. उरलेलं काम आपलं आहे म्हणून सांगतो.

याच्या अगदी उलट रेघ बघायची असेल तर नागपूरच्या सवी सावरकरांची बघा. जन्म १९६१, बडोद्याला मुद्राचित्रण शिकले, पुढं दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. त्यांचं माध्यम अम्लरेखन. धातूच्या पत्र्यावर तेजाबाला दाद न देणारा थर चढवायचा, सुईनं ओरबाडायचं, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथं ओरखडा तिथं तेजाब धातू खातं. मग शाई भरून छापायचं. ती रेघ पुसता येत नाही. पत्र्यात खड्डाच पडलेला असतो. त्या रेघेनं त्यांनी काय काढलं? गळ्यात मडकं, कमरेला झाडू. पेशवाईतला तो माणूस. देवदासी. त्यांनी तेजाब निवडलं हे मला फार बरोबर वाटतं. ज्या गोष्टी समाजाला विसरायच्या आहेत त्या खोडरबर चालणार नाही अशा रेघेनंच काढल्या पाहिजेत. पाचपुते पुसण्याबद्दल बोलतो म्हणून त्याला पुसली जाणारी रेघ लागते. सावरकर विसरण्याविरुद्ध बोलतात म्हणून त्यांना न पुसणारी. काय सांगायचंय त्यावर रेघेची जात ठरते. हा एवढा प्रयोगशीलपणाचा अर्थ मला कळतो. बाकी काचेत मेलेला मासा ठेवून कोटी कमावणं, त्याला मी प्रयोग म्हणत नाही.

खाणीचा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगून टाकतो, आपल्या पोरांनाही माहीत नसते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी बघायला गेले आणि नुसतं वर उभं राहून नाही, खाली उतरले. १९४४ साली खाणकामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आणि हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण नुसते आरती करणारे होऊ. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ साली सरकारनं बायकांना जमिनीखाली कामाला लावायची बंदी उठवली होती, आणि त्यावरून विधिमंडळात झोड उठली तेव्हा मजूरमंत्री म्हणून उत्तर द्यायला बाबासाहेबांनाच उभं राहावं लागलं. बंदी परत आली ती १९४६ला. हे चित्र कोणी काढलेलं मी पाहिलं नाही. सूट घातलेला माणूस, खाली, अंधारात, समोर टोपली घेतलेली बाई. पुतळे हजारो झाले. हात वर केलेले, पुस्तक धरलेले. खाणीत उतरलेले बाबासाहेब कुठं आहेत?

आता पाचपुते जगभर फिरतो. २०१४ला ब्राझीलच्या साओ पावलोची द्वैवार्षिकी, त्याच साली कोचीची, २०१५ला इस्तंबूलची. इंग्लंडच्या बाजूला वेल्स म्हणून देश आहे, तिथं आर्टेस मुंडी नावाचं मोठं बक्षीस देतात. २०२१ साली ते एकाला न देता सहाही कलावंतांना मिळून दिलं. त्यात हा एक. त्यानं तिथं वेल्सच्या खाणकामगारांच्या लढ्यांचा अभ्यास केला आणि आपल्याकडच्या मोर्चांशी तो जोडला. चित्रं, निशाणं, वस्तू, असं सगळं मांडलं. वेल्स म्हणजे काय, तर १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपातला एक बालेकिल्ला. आणि वेल्स म्हणजे ॲबरफॅन. २१ ऑक्टोबर १९६६, सकाळची शाळा भरलेली, डोंगरावर रचलेला खाणीचा मातीचा ढिगारा पावसानं घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसं मेली, त्यात ११६ पोरं. ढिगारा. वरचं ओझं. वणीकडं, राजुऱ्याकडं ते डोंगर रोज वाढताहेत आणि पावसाळा दरसाल येतो.

मग तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: या चित्रांनी खाणीतल्या माणसाला काय मिळालं? कार्डिफच्या संग्रहालयात बघणारा कोण, साओ पावलोत बघणारा कोण? भिंत विकता येत नाही हे खरं, पण कागद विकले जातात, कॅनव्हास विकले जातात, कोलकात्याची गॅलरी विकते. पोट कलावंतालाही आहे. मला त्यात पाप दिसत नाही. पण ज्याचं चित्र काढलं तो कधी त्या दारातून आत गेला का, हा सवाल त्यामुळं रद्द होत नाही. माझं स्वतःचं मत असं, की ही रेघ गॅलरीत शिकावी आणि गॅलरीत सोडून येऊ नये.

दारव्ह्याचंच बघा ना. मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोटी गाडी, शकुंतला. किलिक निक्सन कंपनीच्या काळात कापूस उचलून न्यायला टाकलेली रेघ. इथं दारव्हा-मोतीबाग स्टेशन. इथून पुसदकडं एक फाटा जायचा. इंग्रजांच्याच काळात तो उखडून टाकला. आज नकाशावर शोधा, नाही. पण जुन्या माणसाला बरोबर घेऊन शिवारात फिरलात तर एखादा भराव, एखादी मोरी, धुऱ्याला आलेला वाकडेपणा दिसेल. केंट्रिजच्या कागदावरच्या डागासारखा. कंपनीनं ओढलेली, सरकारनं पुसलेली रेघ, आणि तिच्यावर आता कोणाचा तरी कापूस उभा आहे. हे संकल्पनात्मक चित्र नाही तर काय आहे? फक्त ते कोणी भिंतीवर काढलेलं नाही. काढताना दोन गोष्टी विसरू नका. भराव टाकायला मातीची टोपली कोणी उचलली, आणि गाडीत वाघिणी भरायला कोण वाकलं.

मला या गावातल्या पोरांकडून घोषणांच्या भिंती नकोत असं नाही, त्या हव्यातच. जयभीम लिहिलेली भिंत ही आपली पहिली चित्रशाळा. पण घोषणेच्या शेजारची भिंत मोकळी पडलीय. आपल्या अंकाच्या मुखपृष्ठावर आपण किती वर्षं तीच उगवती मूठ आणि तोच तुटलेला साखळदंड छापणार? मूठ काढणारा हात कधी कोळशानं भरला होता का?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या गावाच्या नकाशाची नक्कल आणायची. भूमी अभिलेख कचेरीत फी भरली की मिळते. मोबाइलवरही दिसते, पण कागदावरची आणा, मोठी. वस्ती कुठं आहे, मसणवटा कुठं, विहीर कोणत्या बाजूला, वस्तीची रेघ कुठून सुरू होते आणि तिला गट नंबर आहे की नाही, हे आधी बोटानं शोधून ठेवा. घरातल्या म्हातारीला विचारून नकाशात नसलेलं सगळं लिहून आणा. कोणत्या धुऱ्यावरून जायला बंदी होती, कोणत्या वर्षी कोणत्या शेतातलं काम बंद झालं. मागची भिंत मी मालकाला विचारून ठेवलीय, नुकताच चुना मारलाय. फुटपट्टी आणायची नाही. कोळशाची गोणी मी आणतो.